फोडणीवाचून कोशिंबीर

कोशिंबीर करायची म्हटले की आपला हात आधी तेलाच्या पळीकडे जातो. काकडी चोचवून व्हायच्या आत कढले तापलेले असते. फोडणी नाही म्हणजे चव नाही, हा आपला ठाम समज. पण शेतात न्याहारीला बसलेला माणूस बुक्कीने कांदा फोडतो, मिठाला लावून भाकरीबरोबर चवीने खातो, त्यात तेल कुठे असते? मग घरच्या ताटातच ते का लागावे, याचा विचार मला दोन वर्षांपूर्वी करावा लागला.

आमच्या मालकांना हृदयाचे दुखणे झाले. डॉक्टरांनी औषधे दिली आणि तेल-मीठ हात राखून वापरायला सांगितले. मालकांचा स्वभाव असा की, धरले तर टोक गाठायचे. रात्रीचे जेवण कच्चेच घ्यायचे, तेही बिनतेलाचे, असे त्यांनी ठरवले. डॉक्टर म्हणाले, "हरकत नाही, पण औषध चुकवू नका." तीन दिवस गाजर, मुळा, कोबी मुकाट्याने चावून झाला. चौथ्या दिवशी ताट पुढे सारून म्हणाले, "हे खिलाऱ्याला घाल. तो तरी खुशीने खाईल." मला हसू आले आणि पोटात गोळाही आला. याला माणूस विटला, की पुन्हा भज्यांच्या ताटाकडे वळणार, हे दिसत होते.

तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, फोडणी कशासाठी घालतात ते आधी बघ. तेवढं दुसऱ्या कशातून दे." त्यांच्या या एका वाक्याने वाट सापडली.

फोडणी तीन कामे करते. मोहरी-जिऱ्याचा वास देते, तिखटाचा झणका देते आणि कोरडी भाजी घशाखाली सरकेल असा ओलावा देते. ही तिन्ही कामे तेलाच्या पळीवाचून होतात.

झणक्यासाठी मोहरी फेसा. चमचाभर मोहरी थोड्या पाण्याबरोबर पाट्यावर वाटून दहा मिनिटे झाकून ठेवा. पाणी लागल्यावरच तिचा तिखटपणा जागा होतो आणि नाकात झिणझिण्या येतात. मग ती दह्यात कालवून बिटाच्या किंवा काकडीच्या किसात घाला. दही-लिंबू मात्र मागाहून. आंबट आधी पडले तर झणका चढत नाही. हिरवी मिरची चिरण्यापेक्षा आले आणि मिठाबरोबर ठेचून लावा, म्हणजे तिखट सगळीकडे सारखे लागते. वासासाठी जिरे कुटून वरून भुरभुरवा आणि कोथिंबीर देठांसकट बारीक चिरून घाला.

आता राहिला ओशटपणा. तो तर आपल्या रानातच पिकतो. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ४५ ते ५० ग्रॅम तेल असते. तिळातही जवळपास निम्मे. म्हणजे मोठा चमचाभर कूट घातले की चार-पाच ग्रॅम तेल पोटात जातेच, आणि त्याबरोबर दाण्यातली प्रथिने व चोथाही जातो. घाण्यात हा चोथा पेंडीत राहतो आणि आपण तो गुरांना घालतो. गाजरातला आणि पालेभाज्यांतला 'अ' जीवनसत्त्व देणारा भाग अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतो. म्हणून कूट हे चवीपुरतेच नव्हे, कामाचेही आहे. पण मूठ सैल सोडू नका, नाही तर वाचवलेले तेल कुटातून परत येईल.

मालकांच्या कच्च्या ताटासाठी मी दाणे भाजत नाही. रात्री भिजत घालते आणि सकाळी पाणी टाकून पुन्हा धुते. ते वाटले की दुधासारखे दाट मिश्रण होते. लिंबू, मीठ आणि ठेचलेली मिरची घालून ते किसलेल्या गाजरावर ओतले, तर फोडणीची आठवण होत नाही. दाणे घेताना बुरशी लागलेले, काळपट वेचून टाका. जवस किंवा कारळे पिकवणाऱ्यांनी त्यांची पूड वापरावी. कोकणातल्या बहिणींकडे ओले खोबरे आहेच.

बाकी सगळे वेळेवर आहे. काकडीला मीठ लावले की तिला पाणी सुटते, म्हणून मीठ पाने वाढताना घाला. तेही बेताने; लिंबू, कैरी, चिंच यांनी मिठाची उणीव बरीच झाकते. मुळा किसून पिळला तर उग्रपणा जातो, आणि ते पाणी भाकरीच्या पिठात खपते. कोबी अगदी बारीक चिरून कैरीच्या किसाबरोबर चोळला, की मऊ पडतो. मेथीच्या किंवा हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा तर आपल्या घरचाच. पाला, कांदा, कूट, लिंबू, बस्स. लिंबाचा आणखी एक गुण सांगते. त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे बाजरीतले व पालेभाजीतले लोह अंगाला अधिक लागते. शिजवताना हे जीवनसत्त्व बरेच नाश पावते, म्हणून लिंबू कच्चेच पिळावे.

मात्र सगळेच जेवण कच्चे करण्याच्या भरीस पडू नका. गांधीजींनी १९२९ साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला आणि त्याविषयी 'यंग इंडिया'त लिहिलेही. पण प्रकृतीला मानवेना म्हणून काही महिन्यांत तो सोडला. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेहाची किंवा मूत्रपिंडाच्या विकाराची औषधे घेणारा माणूस यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे काही करू नये. मोड आलेली मटकी-मूग त्यांना वाफवूनच द्यावी. आमच्याकडेही सहा महिन्यांनी मालक रात्री एक भाकरी घेऊ लागले. कोशिंबिरीचा वाडगा मात्र तसाच राहिला, आणि आता तो सगळ्यांच्याच ताटात असतो.

कच्चे खायचे तर ते स्वच्छ हवे. औषध फवारल्यावर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचे, हे बाटलीबरोबरच्या माहितीपत्रकात दिलेले असते. ते दिवस भरल्याशिवाय भाजी तोडू नका, घरासाठीही आणि बाजारासाठीही. झाडाच्या आत मुरलेले औषध धुऊन जात नाही. सांडपाण्यावर वाढलेली पालेभाजी कच्ची खाऊच नये. कोबीची पाने सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात माणशी रोज सुमारे ४०० ग्रॅम भाजी सुचवली आहे. आपण भाजी पिकवणारे. पण पहाटेच्या गाडीत सगळे क्रेट चढतात आणि घरी बटाट्याचा रस्सा उरतो. पुढच्या तोडणीला एवढे करा. गाडी भरण्याआधी, बाजारात भाव न येणारी वाकडी गाजरे आणि आखूड काकड्या बाजूला काढा. आणि त्यांच्याबरोबर दोन चांगल्याही ठेवा, बरे का! घरच्यांच्या वाट्याला नेहमी निवडून उरलेलेच का यावे?