दोन त्रिकोणांमधली कंबर

कैनाड असो की गंजाड, डहाणू तालुक्यातल्या वारली घराच्या भिंतीवर माणूस काढायला दोन त्रिकोण पुरतात. कारवीच्या कुडावर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू, आणि बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने ओढलेली तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. एक त्रिकोण उलटा, एक सुलटा. दोघांची टोकं भेटतात ती कंबर. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी हा माणूस भिंतीवरून कागदावर उतरवला, देशोदेशी नेला, तरी त्याची कंबर काही सुटली नाही. जरा निरखून पाहिलं तर रिकाम्या हातांची आकृती इथे क्वचितच सापडते. कुणी मुसळ उचललंय, कुणाच्या डोक्यावर हंडा आहे, कुणी मोळी वाहतंय. ज्यांना काही उचलायचं नाही ते तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचताहेत. चाळिशीनंतरच्या कमरेबद्दल जे म्हणायचं आहे त्यातलं अर्धं या भिंतीवरच सापडतं. आपण तिला ताटाचा प्रश्न समजतो. ती तितकीच उचलण्याचीही बाब आहे.

चाळिशीत पोट सुटतं तेव्हा घरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘वय झालं, आता चयापचय मंदावलं.’ हे वाक्य इतकं सोयीचं आहे की ते कुणी तपासत नाही. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून अधिक माणसांच्या मोजमापांचा अभ्यास आला. त्यात आकारमानाचा हिशेब धरून पाहिलं, तर शरीराचा रोजचा ऊर्जाखर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास सपाट राहतो असं दिसलं. म्हणजे भट्टी विझलेली नाही. बदलतं ते दुसरंच. तिशी-चाळिशीपासून दर दशकात तीन ते आठ टक्के स्नायू झिजतात, आणि चरबी मुक्कामाला येते. एक जातो, दुसरी येते; वजनकाट्याला दोघांची फक्त बेरीज दिसते. म्हणूनच ‘माझं वजन लग्नापासून तेवढंच आहे’ हे समाधान फसवं ठरू शकतं.

याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या पुण्याचाच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, दोघांचाही अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक, आतून चरबीदार अशी ही भारतीय घडण याज्ञिकांना पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही दिसली. ती बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. पण आपल्या बाळांत जे कमी होतं ते मुख्यतः स्नायूंत, चरबी बरीचशी शाबूत. मग असा माणूस पन्नाशीला नुसती उपासमार करून वजन उतरवतो, तेव्हा घटलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा, स्नायूंसकट, असतो. आधीच तुटपुंजी असलेली शिल्लक तो मोडून खातो.

यावर रास्त आक्षेप येईल. ज्या डहाणू-तलासरीत कुपोषणाच्या बातम्या सरत नाहीत, जिथली कुटुंबं पाऊस संपला की वीटभट्ट्यांवर जातात, तिथे चरबीची चर्चा म्हणजे थट्टा नाही का? ज्याच्या ताटात पुरेसं नाही त्याला हा निबंध काही सांगू शकत नाही, सांगूही नये. पण त्याच तालुक्यांत आता खुर्चीवरची नोकरी आहे, मोटारसायकल आहे, दारात नळ आणि गावात गिरणी आहे. उखळापुढे उभी राहून भात सडणारी बाई मुसळ डोक्याच्या वर नेते, खाली सोडते, मांड्या आणि पाठ प्रत्येक घावाला दबतात आणि सरळ होतात. गिरणीने तिची ती पिळवणूक संपवली, हे उत्तमच झालं. उखळाचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी पायलीभर भात सडून दाखवावा. मात्र ओझं गेलं तिथे काहीच आलं नाही. भट्टीवरच्या मजुराला व्यायाम कशाला, असंही विचारतात. खरंच नको. स्नायूला भार लागतो, मग विसावा, मग प्रथिनं. भट्टी पहिली गोष्ट बेसुमार देते आणि उरलेल्या दोन नाकारते. घाम गाळला की चरबी झडते हे गणितही कच्चंच आहे. टांझानियातले हाडझा लोक दिवसभर रानात पायपीट करतात, तरी शरीराच्या मापाने त्यांचा ऊर्जाखर्च शहरी माणसाइतकाच भरला. चरबीचा हिशेब बराचसा ताटात होतो, स्नायूचा भाराखाली.

उरतो वेगाचा प्रश्न. महिन्यात दहा किलोची जाहिरात सगळ्यांनी पाहिली आहे. नॉर्वेत खेळाडूंचे दोन गट करून एकाला सावकाश, दुसऱ्याला दुप्पट वेगाने वजन उतरवायला लावलं, दोघांनाही वजनं उचलायला दिली. २०११च्या त्या अभ्यासात सावकाश गटाची चरबी घटली आणि स्नायू चक्क वाढले, घाईवाल्यांचे वाढले नाहीत. ते तरुण होते, आपण नाही, हा आक्षेप मान्य. पण १९९०च्या एका अमेरिकन प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजन उचललं आणि त्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. तेव्हा पन्नाशीने वयाचं कारण सांगू नये. घोलवडच्या चिकूचं कलम रायणीच्या खुंटावर बांधतात. रायण फार हळू वाढते, म्हणून कुणी तिला बाद ठरवत नाही.

आठवड्याला तीनशे ग्रॅम उतरवायचे, तर रोज सव्वातीनशे कॅलरी कमी. म्हणजे साधारण एक भाकरी आणि वाटीभर भात. सुके बोंबील, डाळ, अंडी यांना मात्र हात लावू नका. तांदळाची पाच किलोची पिशवी छातीशी धरून पाटावर बसायचं-उठायचं, आठवड्यातून तीनदा. सोपं वाटलं की पिशवी दहाची. मधुमेह, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. काटा माळ्यावर टाका. आवणीच्या दिवशी बेंबीच्या पातळीवर सुतळी धरून गाठ मारा आणि ती खुंटीला अडकवा. भात कापून खळ्यावर आला की तीच सुतळी पुन्हा कमरेला लावून बघा.