पत्र्याची नळी, पितळेचं भोक आणि बंगळूरची हवा!

तुम्हाला हे माहीत होतं का? टू-स्ट्रोक मोटरसायकलच्या नळीतून धूर नुसता बाहेर पडत नाही, त्याचा धक्का परत येतो! परत! आणि येताना सिलिंडरमधून पळून चाललेलं ताजं पेट्रोल पुन्हा आत ढकलतो! पत्र्याची एक पोकळ नळी, आत ना स्प्रिंग, ना व्हॉल्व्ह, ना एकही हलणारा भाग, आणि ती इंजिनाची ताकद वाढवते! हे कळल्यापासून मी घरात, ऑफिसात, लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय. आता तुम्ही सापडलात. बसा!

मी कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस, यातला जाणकार अजिबात नाही. कार्ब्युरेटर आतून कसा दिसतो तेही आत्ता आत्ता पाहिलं. जे सांगतोय ते सगळं बंगळूरच्या विल्सन गार्डनमधल्या एका गॅरेजात, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, तिथल्या मेस्त्रींच्या हातांकडे बघत शिकलेलं.

गाडी माझ्या मामाची. राजदूत 350! यामाहाची आरडी 350, एस्कॉर्ट्सने 1983 पासून आपल्याकडे बनवलेली. 347 सीसी, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, सहा गिअर! हाय टॉर्क मॉडेलला 30.5 हॉर्सपॉवर, लो टॉर्कला 27, आणि हे त्या काळात, जेव्हा बुलेट 350 अठरा हॉर्सपॉवरवर समाधानी होती! मामाची लो टॉर्क. आयुष्यभर दादरला राहिली, आता माझ्याकडे बंगळूरला आलीय. आणि मामाची एकच इच्छा: चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर तिला एकदा मोकळी सोडायची. त्यासाठी नळ्या नव्या आणि जेटिंग, म्हणजे पेट्रोल किती जायचं ते ठरवणं, तेही नवं!

आता ती नळी बघा. एक्स्पान्शन चेंबर म्हणतात तिला. इंजिनाकडे बारीक, मग हळूहळू फुगत जाते, मग पोट, मग पुन्हा भराभर निमुळती, आणि शेवटी बोटाएवढी पुंगळी. मेस्त्रींनी तो आकार आधी पुठ्ठ्यावर काढला, कंपास फिरवून कमानी आखल्या, कात्रीने कापल्या, पुठ्ठा गुंडाळून कोन जुळतोय का बघितलं आणि मग तेच पत्र्यावर! प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर, पाइपावर ठोकून गोल वळवलेला, आणि मग एकेक कोन दुसऱ्याला वेल्ड. सांधा आतून गुळगुळीत आहे का, हे ते करंगळी फिरवून बघतात! करंगळी!

आणि या पोटाचं काम काय? टू-स्ट्रोकमध्ये धूर जायचं भोक उघडं असतानाच ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येत असतं. दोन्ही दारं एकदम उघडी! म्हणजे थोडं ताजं मिश्रण धुरासोबत बाहेर सटकणारच. पण स्फोटाचा धक्का नळीतून निघतो, फुगत जाणाऱ्या भागात पोचतो आणि तिथून मागे एक ओढ पाठवतो, ती ओढ सिलिंडर रिकामा करते, ताजं मिश्रण आत खेचते, इतकं खेचते की त्यातलं थोडं नळीतही येतं, आणि मग तोच धक्का पुढच्या निमुळत्या भागावर आपटून उलटा फिरतो, आणि मग नळीत आलेलं ताजं मिश्रण मागे सिलिंडरमध्ये कोंबतो, आणि मग, नेमकं त्याच क्षणी, पिस्टन वर येऊन भोक बंद करतो! विरार लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्यांना फलाटावरचा शेवटचा गडी खांदा लावून आत ढकलतो ना, तसं! फरक इतकाच, की हे सेकंदाला शंभर वेळा होतं. शंभर! 6000 आरपीएमला इंजिन सेकंदात शंभर फेरे घेतं, त्यातला जेमतेम अर्धा फेरा भोक उघडं, म्हणजे साधारण पाच मिलिसेकंद. तापलेल्या धुरात आवाज सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास धावतो. पाच मिलिसेकंदांत अडीच मीटर, जाऊन-येऊन! म्हणून नळीची जुळणारी लांबी मीटरभराच्या आसपास येते. हा हिशोब मी गॅरेजातच पाठकोऱ्या बिलावर केला आणि उत्तर मेस्त्रींच्या टेपला जुळलं तेव्हा मी स्टुलावरून उठलोच!

आणि याची गोष्ट ऐका! हे गणित बसवून दाखवलं ते पूर्व जर्मनीत, एमझेड नावाच्या मोटरसायकल कारखान्यात, वॉल्टर काडेन या इंजिनिअरने. युद्धात क्षेपणास्त्रांच्या कामावर असलेला माणूस! तुटपुंजा पैसा, तुटपुंजं सामान, आणि 1961 पर्यंत त्याने 125 सीसीच्या इंजिनातून पंचवीस हॉर्सपॉवर काढली. 125 मधून! मामाच्या 347 सीसीच्या गाडीला 27, आणि इथे 125 ला 25! त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीला गेला तो परतलाच नाही. बायकामुलं गुपचूप पश्चिमेला पोचवलेली, तो तिकडूनच पसार, आणि मग काडेनचं ज्ञान घेऊन थेट सुझुकीत, आणि मग 1962 ला सुझुकीवर 50 सीसीचा जगज्जेता! मग ते कोन जपानभर पसरले. विल्सन गार्डनमध्ये पुठ्ठ्यावर कंपास फिरत होता तेव्हा माझ्या डोक्यात हेच चाललं होतं!

पण थांबा, खरी गंमत तर जेटची! नळी मोकळी झाली की इंजिन जास्त हवा ओढतं. हवा जास्त, तर पेट्रोलही जास्त हवं. ते ठरवतो कोण? मिकुनी कंपनीच्या कार्ब्युरेटरमधला जेट, पितळेचा एक इवलासा तुकडा, त्यात एक-दीड मिलिमीटरचं भोक, त्यावर कोरलेला नंबर. नंबर मोठा, पेट्रोल जास्त. बस्स! मी एक जेट उजेडासमोर धरला आणि त्या भोकातून मला जे. सी. रोडवरून आणलेल्या सामानाची अख्खी पिशवी दिसली! त्यात तार घालून साफ करायचं नाही हां. भोक मोठं होतं. फुंकायचं, नाहीतर पेट्रोलने धुवायचं.

आणि एकटा मेन जेट नाही! थ्रॉटल जरासा उघडला की पायलट जेट आणि एअर स्क्रू. थोडा वर गेला की थ्रॉटलसोबत उचलल्या जाणाऱ्या स्लाइडचा तिरका काप. मधल्या पट्ट्यात सुई, आणि सुईवर पाच खाचा, क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. शेवटच्या पाव भागात मेन जेट. म्हणून मेस्त्रींनी ग्रिपवर पांढरी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा रेघा मारल्या, म्हणजे गाडी कुठे अडखळते ते रेघ बघून सांगायचं आणि तेवढाच भाग बदलायचा! आणि कार्ब्युरेटर दोन, तर दोन्ही स्लाइड एकदम उचलल्या पाहिजेत. त्यासाठी त्यांनी दोन्ही तोंडांत एकेक बोट घातलं, डोळे मिटले आणि हळूच थ्रॉटल पिळला. डावी केसभर उशिरा उठली. केसभर! त्यांच्या बोटाला कळलं!

आता बंगळूर. हे शहर समुद्रसपाटीपासून साधारण 920 मीटर उंच आहे. हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळपास दहा टक्क्यांनी कमी. हवा विरळ, म्हणून पेट्रोल कमी लागतं. मामाच्या गाडीचे जेट दादरचे, समुद्राकाठच्या हवेचे! म्हणून इथे आल्यापासून ती दबून चालायची, स्पार्क प्लग काळा ओला, चढावर गुरगुर. मिश्रण फार रिच झालं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त झालं, की टू-स्ट्रोक एक फेरा सोडून एक फेरा पेटते, ती गुरगुर त्याची! म्हणजे बघा कसा पेच: नवी नळी म्हणते जेट मोठा करा, शहर म्हणतं लहान करा! आणि पहाटे नंदी हिल्सला गेलात तर डोंगरमाथा 1478 मीटरवर, तिथे गणित पुन्हा हललेलं! पितळेच्या त्या भोकात तुमच्या गावाची उंची असते हो! मला कुणी शाळेत का नाही सांगितलं?

मेस्त्रींचा नियम एकच. "पहले मोटा डालो, फिर पतला करो." जेट मोठा असला तर प्लग काळवंडेल, पुसता येतो. जेट लहान असला तर मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन तापतं, पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो, आणि मग बोअरिंगचा खर्च. म्हणून 160 नंबरच्या मेन जेटपासून सुरुवात.

हे सगळं रस्त्यावर नाही बरं का! मोटार वाहन कायद्यात असले बदल बसत नाहीत, बंगळूरचे पोलिस जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवतात, आणि मला ते पटतं. मध्यरात्री कुणाचं बाळ उठवून कसला आलाय आनंद? रस्त्यावर कंपनीच्याच नळ्या. चेंबर फक्त ट्रॅकसाठी. म्हणून गाडी छोटा हत्ती टेम्पोत घालून आम्ही बंगळूरबाहेर दोड्डबळ्ळापूरच्या बाजूला नेली. एक खासगी लेआउट, प्लॉट पाडलेले, रस्ते झालेले, घर एकही नाही, मालक मेस्त्रींचं जुनं गिऱ्हाईक. तिथे चेंबर चढवले.

160 ला गाडी धावली खरी, पण वर जाऊन गुरगुरली. 150. बरी. आणि मग 140 घातला, मेस्त्री निघाले, पहिला, दुसरा, तिसरा, आवाज साधा, पाच हजारांपर्यंत काहीच विशेष नाही, आणि मग अचानक सूर बदलला, गुरगुर फाटून एक सरळ तार निघाली, गाडी पुढे झेपावली आणि त्यांचा पोऱ्या माझ्या शेजारी उड्या मारत ओरडला, "बंतू! बंतू!" आला! पॉवर बँड आला! परत येणारा धक्का आणि बंद होणारं भोक यांची वेळ जुळली, ती मी कानांनी ऐकली!

टोकाला पूर्ण थ्रॉटलवरच त्यांनी इंजिन बंद केलं, क्लच दाबला आणि गाडी घरंगळत थांबवली. मधे इंजिन हळू चालू दिलं तर प्लगचा रंग खोटा येतो म्हणून! गरम प्लग फडक्याने काढला, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं आणि प्लगमधल्या चिनी मातीच्या पार तळाशी बघितलं. मलाही दाखवलं. आत, खोल, एक चॉकलेटी कडं! पांढरं असतं तर लीन, काळं असतं तर रिच. चॉकलेटी! मी तिथूनच मामाला फोन लावला. त्याने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "रंग काय?" एवढंच विचारलं!

आणि आता नवाच पेच! इरुंगट्टुकोट्टई जवळपास समुद्रपातळीवर. हवा पुन्हा जाड, म्हणजे 140 तिथे लीन होणार! पण चेन्नईचा उकाडा हवेला विरळ करतो, म्हणजे थोडी सूट! मेस्त्रींनी काडेपेटीत 150 आणि 160 च्या जोड्या घालून दिल्यात. ते म्हणतात 160 ने सुरुवात करा, मामा म्हणतो 150 पुरे, दुपारी तर नक्कीच पुरे. मी मेस्त्रींच्या बाजूने आहे. तुम्ही? सांगा ना, मामाची ट्रेन उद्या पहाटे दादरहून सुटतेय, तो पोचायच्या आत माझ्याकडे दोन मतं तरी हवीत!