धुराड्यात धुराडं

धुराड्याच्या आत घालायची नळी, म्हणजे लायनर, ही गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा करण्याची युक्ती, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी चारचौघांत ऐकवतही असे. मॅसॅच्युसेट्समधलं आमचं घर जुनं, पण विटांचं धुराडं भक्कम. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडं जाळून खोली तापत नाही, हे मला मान्य होतं. लाकडातली जेमतेम 10 टक्के ऊब खोलीला मिळते. उलट हीटरने तापवलेली हवाच धुराडं ओढून बाहेर टाकतं. म्हणून त्या कोनाड्यात बसणारा, काचेच्या दाराचा लोखंडी इन्सर्ट स्टोव्ह घ्यायचं ठरलं. पण त्याच्या माथ्यापासून थेट छतावरच्या टोपीपर्यंत स्टेनलेस स्टीलची वेगळी नळी? धूर जायला अख्खं धुराडं असताना? 1973च्या तेलटंचाईनंतर इथल्या कितीतरी लोकांनी असे स्टोव्ह नुसते आत सरकवून वर्षानुवर्षं वापरले होते, हा माझा हुकमाचा एक्का.

स्टोव्ह बसवण्याआधी धुराड्याची आतून तपासणी व्हावी लागते; एनएफपीए 211 हे इथलं मानक तसं सांगतं. आलेल्या माणसाने कॅमेरा आत सोडला. भाजक्या मातीच्या नळ्यांना कुठे तडा नव्हता. मी जिंकलोच होतो म्हणा ना. तर तो म्हणाला, धुराडं उत्तम आहे, फक्त ते या स्टोव्हचं नाही.

मग त्याने जे समजावलं त्यात मला खोट काढता येईना. उघडी आग उधळी असते. ती भरमसाट गरम हवा वर फेकते, ती वाहून न्यायला धुराडं रुंद लागतं आणि त्याच उष्णतेने ते तापलेलं राहतं. इन्सर्ट 70 टक्क्यांच्या आसपास उष्णता घरातच ठेवतो. मग धुराड्याच्या वाट्याला उरतं काय? थोडासा, त्यातही निवत आलेला धूर. आमच्या धुराड्याची पोकळी साधारण 10 बाय 10 इंच, म्हणजे 100 चौरस इंच. स्टोव्हला हवी 6 इंच व्यासाची, म्हणजे 28. एवढ्या ऐसपैस जागेत धूर रेंगाळतो, थंड विटांना टेकतो आणि सुमारे 120 अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की त्यातली वाफ क्रिओसोट होऊन भिंतीला चिकटते. कोकणातल्या घरात चुलीवरच्या वाशांना धरलेली चिकट काजळी आठवा. इथे ती नजरेआड साचते, आणि पेटलीच तर धुराड्यात तापमान 1100 अंशांपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे स्टोव्ह जितका चांगला, तितकं जुनं धुराडं त्याला गैरसोयीचं! तिथे माझं मत फिरलं. आणि माझा तो एक्का? नळीशिवायचे ते स्टोव्ह चालले खरे, पण धुराडं साफ करायचं तर अख्खा स्टोव्ह बाहेर ओढावा लागे. किती जणांनी ओढला असेल?

गंमत म्हणजे आगीची ही उधळपट्टी आवरणारा एक बडा माणूस आमच्याच राज्यातला. वोबर्न गावात जन्मलेल्या काउंट रमफर्डने 1790च्या दशकात लंडनमधल्या फायरप्लेसचे गळे अरुंद करून दाखवले होते.

आता नळी आहे, तीही सिरॅमिक लोकरीत गुंडाळलेली, कारण आमचं धुराडं बाहेरच्या भिंतीला असल्याने हिवाळ्यात गारठतं. डॅम्परच्या, म्हणजे धुराड्याच्या झडपेच्या, जागी नळीभोवती पत्रा बसवून फट बुजवली; नाहीतर बरीचशी ऊब वरच्या विटांतच मुरली असती. टाउन हॉलचा परवाना, विमा कंपनीला कळवणं, स्टोव्हसमोर न जळणाऱ्या फरशीचा पुरेसा पट्टा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ही कामं कंटाळवाणी, पण त्यांत वाद घालण्यासारखं काही नाही.

एका बाबतीत मात्र मी हटलेलो नाही. दुकानदार अजूनही गरजेपेक्षा मोठा स्टोव्ह गळ्यात मारू पाहतात. मोठ्या स्टोव्हने खोली लगेच अतोनात तापते, मग माणूस हवा कोंडून लाकडं धुमसत ठेवतो, आणि धुमसणाऱ्या लाकडाचं क्रिओसोट चांगल्या नळीतही साचतं. आम्ही खोलीच्या मापाचा लहानच घेतला. त्यात ओंडके कमी मावतात, पहाटेपर्यंत विस्तव टिकत नाही, आणि त्यावरून मी घरात बोलणी खातो. ती मला मंजूर आहेत.