सोनेरी भुकटी

आमच्या वसईकडच्या घरांत मासा यायचा तो ताटात वाढण्यासाठी. त्याला बरणीत ठेवून त्याच्या प्रकृतीची विचारपूस करावी, ही कल्पनाच माझ्या पिढीला परकी. म्हणून २०२२ च्या पावसाळ्यात नातवाने वाढदिवसाच्या पैशांतून तीन फायटर मासे आणले तेव्हा मी नाक मुरडले होते, हे आधीच कबूल करतो.

या माशाचे पुस्तकी नाव बेटा. स्वभाव मात्र भांडकुदळ. दोन नर समोरासमोर आले की झुंज ठरलेली. म्हणून प्रत्येकाची बरणी वेगळी आणि मध्ये पुठ्ठा. मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांतला, उथळ आणि संथ पाण्यातला हा जीव. २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचीही सोय त्याच्याजवळ असते, त्यामुळे तो मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो. नर तोंडाने बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि त्यातली अंडी तोच राखतो. बापाने एवढे करावे, हे वाचून माझा आदर वाढला. त्या भरात चौथा, निळा मासा मीच विकत आणला.

आठवड्याभरात त्या निळ्याने अन्न टाकले. पर मिटून तो तळाशी बसून राही, मध्येच उसळून अंग काचेला घाशी. "आजोबा, तो रागावलाय का?" नातवाने विचारले. अंगावर पांढरे ठिपके नव्हते, जखम नव्हती, पाणी स्वच्छ दिसत होते. तिसऱ्या दिवशी तो गेला. पाठोपाठ तांबड्यानेही तसेच पर मिटले.

मी निदान करून मोकळा झालो: "तू फार खायला घालतोस." उरलेले अन्न कुजते, पाण्यात अमोनिया वाढतो, एवढे ज्ञान मजजवळ होते. ते खोटे नव्हते. म्हणूनच ते अधिक झोंबले असावे. पोर उलट बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने वहीत दाणे मोजून लिहायला आरंभ केला. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. तांबडा मेला तरी दाण्यांची नोंद चुकली नाही.

एका रात्री वीज गेली. टॉर्च घेऊन मी फडताळाशी गेलो आणि तिरपा झोत पिवळ्या माशावर पडला. त्याच्या अंगावर कुणी सोनेरी भुकटी शिंपडावी तशी बारीक झाक दिसली. दिवसाउजेडी ती कधीच दिसली नव्हती.

मासे पाळणाऱ्या एका परिचिताला सकाळीच फोन केला. "मखमल रोग," ते म्हणाले. सूक्ष्म परजीवी कातडीला आणि कल्ल्यांना चिकटतात, पोसले की गळून तळाशी जातात, तेथे विभागून त्यांची पिल्ले नवा मासा शोधत पोहतात. एकदोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात.

"पण बरण्या तर वेगळ्या आहेत," मी म्हणालो.

"आणि जाळे?"

जाळे एकच होते. पाणी बदलताना चारही बरण्यांतून ते मीच ओले फिरवत होतो. नातवाला काच फुटेल म्हणून हातही लावू देत नव्हतो.

दुकानातून औषध आणले, थोडे मीठ घातले, बरण्यांवर काळे कापड टाकले. या परजीवींना प्रकाशाचाही आधार असतो म्हणतात. पिवळा वाचला नाही. पांढऱ्याला भुकटी लागली नव्हती, तो तगला.

नातवाजवळ जाऊन म्हणालो, "बाळा, दोष तुझा नव्हता. निळा मी आणला आणि जाळेही माझ्याच हातात होते." वयाची सत्तरी ओलांडल्यावर हे वाक्य उच्चारायला मला दोन दिवस लागले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वही बंद करू?"

"नको. लिहीत जा."

त्या संध्याकाळी वहीत दाण्यांच्या आकड्याखाली नवी ओळ होती: जाळे आजोबांनी उन्हात वाळवले.