पाण्याखालचा सोबती

पुण्याच्या मार्केट यार्डात समुद्र कोठून येणार? तेथे भरती येते ती मालाची आणि माणसांची. उजाडण्यापूर्वीच गावोगावच्या भाजीच्या गाड्या येऊन लागतात, आडत्यांचे पुकारे सुरू होतात आणि गूळ-भुसार विभागात पोत्यांच्या थप्प्या चढू-उतरू लागतात. सेवानिवृत्तीनंतर मी याच वस्तीजवळ राहतो. अशा कोरड्या जागी वाढलेला माझा एक विद्यार्थी आज समुद्राच्या पोटात उतरून आपले पोट भरतो, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल.

त्याचे वडील यार्डात हमाल. मुलगा विहिरीत पोहायला शिकला, पुढे तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकला आणि मालवणलाच राहिला. वडिलांच्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती. एके दिवशी ते मला म्हणाले, “गुरुजी, पोत्याचं ओझं मला कळतं. शंभर शंभर किलोची पोती या पाठीनं वाहिलीत. पण पाण्याचं ओझं केवढं असतं? एकदा तुम्हीच जाऊन बघून या.”

हिवाळ्यात मी मालवणला गेलो. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा होता. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याच्या बांधकामास आरंभ केला. त्या तटाजवळच्या पाण्यात आमची होडी थांबली. माझा विद्यार्थी पाठीवर हवेची टाकी बांधू लागला. तिच्यात निव्वळ प्राणवायू नसतो. आपण घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. हे साधन १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी सिद्ध केले. तोंडात धरलेल्या नळीतून, भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा श्वासाबरोबर मिळते, ही त्यातील खरी युक्ती.

वडिलांचा प्रश्न मी त्याला विचारला. तो म्हणाला, “सर, दर दहा मीटरला हवेच्या एका थराइतका भार वाढतो. वर असतो त्याच्या दुप्पट दाब दहा मीटरवर, तिप्पट वीस मीटरवर. पण खाली जाण्यापेक्षा वर येणं अवघड. सोड्याची बाटली एकदम उघडली की फेस येतो ना? खोलवरून घाईनं वर आलं, तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचेही तसेच बुडबुडे होतात. म्हणून सावकाश यायचं. आणि श्वास कधीही कोंडून धरायचा नाही.”

“आणि खाली काही बिघडले तर?”

“एकटं उतरायचंच नाही. सोबत्याची टाकी संपली, तर आपल्या टाकीतली हवा त्याला द्यायची. खाली बोलता येत नाही, म्हणून एकमेकांकडे बघावं लागतं.” एवढे बोलून त्याने मला खुणा दाखविल्या. अंगठा वर केला म्हणजे ‘छान’ नव्हे, तर ‘वर चला’. अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ केले म्हणजे ‘सर्व ठीक’.

मग तो एका घाबरलेल्या पाहुण्याला घेऊन पाण्यात उतरला. पाहुण्याच्या पाठीवरची टाकी त्याने मागून धरून ठेवली होती. मी होडीतून वर येणारे बुडबुडे मोजीत राहिलो. ते अखंड येत होते, तोवर माझाही श्वास सुरळीत चालला होता!

मालवणात तो परका म्हणून आला होता. ‘कुठे’ला ‘खंय’ आणि ‘का’ला ‘कित्याक’ म्हणतात, येथपासून त्याला शिकावे लागले. आरंभी भाकरीच्या आठवणीने तो व्याकूळ होई. पण वारा आणि पाणी ओळखण्यास त्याला शिकविले ते तेथल्या कोळी बांधवांनीच. समुद्रातही आपण पाहुणेच, असे तो म्हणतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. तेथले प्रवाळ दगडासारखे दिसले तरी जिवंत असतात आणि फार हळू वाढतात. एका लाथेने वर्षांची वाढ मोडते. दूर कॅरिबियन समुद्रात बोनेर नावाचे बेट आहे. तेथे १९७९ पासून सागरी उद्यान असून प्रवाळावर नांगर टाकण्यास मनाई आहे. हे सांगून तो म्हणाला, “आपल्याकडेही प्रत्येक पाहुण्याला मी आधी हेच सांगतो: बघा, पण हात लावू नका.”

पुण्यास परतल्यावर मी सारा वृत्तान्त त्याच्या वडिलांना सांगितला. दाबाचे गणित त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. परंतु सोबत्याची गोष्ट ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे आमच्यासारखंच की, गुरुजी! दुसऱ्यानं हात लावल्याबिगर पोतं पाठीवर चढत नाही.”

पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि स्कूबाचे काम बंद राहते. तेव्हा मुलगा घरी येतो. यार्डातील मुले त्याच्याभोवती जमतात आणि पाण्याखालच्या खुणा शिकून घेतात. तेथल्या गलक्यात हाक ऐकू जात नाही. परवा एका थप्पीआडून एका मुलाने अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ केले, आणि पलीकडे ओझे उतरवून उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांनी हसून तशीच खूण परत केली.