पन्नासावा दिवस

नाताळ सगळ्यांना ठाऊक असतो, ईस्टरही बहुतेकांना. पेन्टेकॉस्टचं नाव काढलं की मात्र मित्र विचारतात, "हा कुठला सण?" त्याला ना केक, ना रंगवलेली अंडी. पण वसईत जन्मून आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माझ्यासारख्याला हाच सण सर्वांत जवळचा वाटतो.

पेन्टेकॉस्ट हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ 'पन्नासावा'. सण मुळात यहुद्यांचा, सुगीचा. लेवीय या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात सांगितलं आहे की, पहिली पेंढी अर्पण केल्यापासून सात आठवडे मोजा आणि पन्नासाव्या दिवशी नव्या धान्याच्या दोन भाकरी देवाला वाहा. पुढे सीनाय पर्वतावर नियमशास्त्र मिळाल्याची आठवणही या सणाला जोडली गेली.

याच सणाला देशोदेशींचे यहुदी यरुशलेमात जमले असताना जे घडलं, ते 'प्रेषितांची कृत्ये'च्या 2ऱ्या अध्यायात आहे. सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद झाला, अग्नीसारख्या जिभा दिसल्या आणि शिष्य पवित्र आत्म्याने भरून गेले. बोलणारे गालीलचे साधे लोक, पण पार्थी, मेदी, मिसरी, रोमी अशा प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं. त्या दिवशी सुमारे 3000 माणसं त्यांना येऊन मिळाली. म्हणूनच या दिवसाला ख्रिस्तसभेचा जन्मदिवस म्हणतात.

उत्पत्तीच्या 11व्या अध्यायात बाबेलच्या बुरुजापाशी भाषांचा गोंधळ होऊन माणसं पांगली होती. पेन्टेकॉस्ट हे त्याचं उत्तर मानलं जातं. पण एक गोष्ट पाहा. इथे सगळ्यांची भाषा एक झाली नाही. भाषा अनेकच राहिल्या, समजणं तेवढं एक झालं. देव माणसाच्या भाषेत उतरला.

माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. आजी तेवढा वेळ रोझरीची माळ जपत बसायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) लोकभाषांना वाट करून दिली आणि वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली.

आता माझी नातवंडं इंग्रजी मिस्साला जातात. मनाला लागतं, पण तक्रार कशी करू? त्यांना इंग्रजीत प्रार्थना कळत असेल, तर हा सण त्यांच्याच बाजूने बोलतो. फक्त आजीची भाषा त्यांना परकी होऊ नये एवढंच वाटतं. म्हणून रविवारी जेवणं झाली की आम्ही एक अध्याय मराठीतून वाचतो. मुलं अडखळतात, अर्थ विचारतात. मी सांगतो.