पऱ्हाटीवरची वाफ

माळ्यावरून बंब खाली काढायला आम्ही तिघं लागलो. कित्येक वर्षं तो तिथे आडवा पडून होता. पोटात कोळ्यांची जाळी, जाळीवर जुन्या राखेचा थर, तोटी गच्च बसलेली. अंगणात आणून चिंच-मिठाने घासायला घेतला तेव्हा आधी हिरवट पाणी निघालं, मग काळं. आणि मग एका जागी, तोटीच्या जरा वर, वीतभर तांबं उघडं पडलं. जानेवारीतलं सकाळचं ऊन त्यावर आलं तशी विलायतेहून आलेली आमची मैत्रीण हातातली नारळाची शेंडी तशीच धरून बघत राहिली. "अगं, तिकडे लोक एवढ्याशा तांब्यासाठी जुने बाजार धुंडाळतात," ती म्हणाली, "आणि आपण ह्यात आंघोळीचं पाणी तापवायचो."

ती दरवर्षी ऑगस्टमध्ये लिंकनला जाते. तिथे २००९ पासून स्टीमपंक मंडळींचा मेळा भरतो, 'असायलम' नावाचा. वाफेचं युग सरलंच नसतं तर जग कसं दिसलं असतं, ह्या एका कल्पनेवर प्रेम करणारी माणसं वर्षभर कोट शिवतात, टोप्यांवर घड्याळांची चाकं बसवतात, पितळी दुर्बिणी घडवतात आणि शनिवार-रविवार ते सगळं अंगावर मिरवत जुन्या गावातून हिंडतात. स्टीमपंक हा शब्द के. डब्ल्यू. जीटर ह्या कादंबरीकाराने १९८७ साली वापरला आणि तो रुजला. पण शब्दापेक्षा तिला जिवाभावाची वाटतात ती माणसं. परक्या देशातली पहिली चार वर्षं तिने एकटीने काढली. पाचव्या वर्षी त्या मेळ्यात एका म्हाताऱ्या बाईने तिच्या नऊवारीचा काष्टा कसा घातलाय ते समजून घ्यायला तासभर तिच्याजवळ बसून काढला. तेव्हापासून ते तिचं माहेर झालं. ह्या वेळी घरी यायच्या आधीच तिने फोनवर सांगून ठेवलं होतं की दोन दिवस मला द्या, आपलं आपण भरवू.

यवतमाळात संमेलन म्हटलं की साहित्याचं. १९७३ चं गदिमांच्या अध्यक्षतेखालचं, मग २०१९ चं अरुणा ढेरे यांचं. आमचं सात माणसांचं, मंडप नाही, दारव्ह्याला एका मैत्रिणीच्या माहेरच्या अंगणात. पण तयारी मनापासून झाली. वेल्डिंगच्या दुकानातून काळे चष्मे आले. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एका चाचांनी मूठभर चाकं कागदाच्या पुडीत बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत. मी आजीची नऊवारी नेसले, कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्याला वाड्याच्या कुलपांच्या किल्ल्या. गॅसबत्तीला नवी जाळी बांधली. लिंकनला चहाचं द्वंद्व होतं म्हणे: दोघांनी समोरासमोर बसायचं, पाच मोजेपर्यंत बिस्कीट चहात बुडवायचं, बाहेर काढून धरून ठेवायचं, आणि तुकडा न सांडता जो शेवटी तोंडात घालेल तो जिंकला. हा खेळ तर आपल्याकडे प्रत्येक पोर बशीवर खेळतच मोठं होतं. शनिवारी दुपारी तो इतका रंगला की शेजारच्या दोन काकू भिंतीवरून बघता बघता आत येऊन बसल्या.

रात्री गॅसबत्तीच्या सूंऽऽ आवाजात ज्यूल व्हर्नचा विषय निघाला. आम्ही सगळ्यांनी शाळेत असताना भा. रा. भागवतांच्या मराठीतून तो वाचलेला. स्टीमपंकवाले व्हर्नला आजोबा मानतात, आणि ह्या आजोबांची नजर सारखी हिंदुस्थानकडे वळत होती. १८८० साली त्याने एक कादंबरी लिहिली, तिच्यात वाफेवर चालणारा पोलादी हत्ती दोन घरं ओढत कलकत्त्याहून निघतो आणि त्याच्या वाटेवर नानासाहेब पेशवे आहेत. समुद्राच्या पोटात पाणबुडी घेऊन फिरणारा कॅप्टन नेमो शेवटी कोण निघतो, तर बुंदेलखंडचा राजपुत्र. व्हर्नच्या गावी, फ्रान्समधल्या नांतला, २००७ पासून बारा मीटर उंचीचा यांत्रिक हत्ती माणसं पाठीवर घेऊन चालतो. मैत्रिणीने त्याचे फोटो दाखवले. लाकडी कातडीचा, कान हलवणारा, सोंडेतून पाणी उडवणारा. आम्ही ते परत परत पाहिले. असं काही बघितलं की मला शब्द सुचत नाहीत, फक्त आपणही काही घडवावं असं हाताला वाटतं.

ज्या मैत्रिणीच्या माहेरी आम्ही जमलो होतो तिचे वडील तेवढा वेळ बाजेवर बसून ऐकत होते. काका मूर्तिजापूरच्या शेडमध्ये फायरमन होते. म्हणजे शकुंतलेवर.

यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अडीच फुटी रुळांवरून ताशी वीसेक किलोमीटरने ही गाडी चालायची. तिचं इंजिन मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं, इथे १९२३ पासून कामाला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ ला थांबलं. तो दिवस मी मनात ठेवून आहे. बाकीचं बरंचसं जग वाफेला इतिहासात टाकून मोकळं झालं होतं. पुस्तकं लिहून, टोप्या शिवून तिला परत बोलावणं सुरू झालं होतं. आणि त्याच वर्षांत आमच्या दारव्हा-मोतीबागच्या फलाटावर कोळशाचा धूर खरा होता, शिट्टी खरी होती. वाफेचं युग सरलंच नसतं तर? यवतमाळात ते खरोखरच सरलं नव्हतं.

मी तिच्यात बसले आहे. खिडकीतून हात काढला की तुरीच्या शेंगा हाताला लागायच्या. डब्यात गाठोडी, कोंबड्या, टोपलीतली वांगी, लग्नाला निघालेलं आख्खं घर. कुणी रुळाच्या कडेने धावत येताना दिसलं की डब्यातली चार माणसं दारात हात देऊन उभी राहायची.

मैत्रिणीने काकांना चष्मा दिला, पितळी कडांचा, तिने स्वतः केलेला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हे आमच्याजवय नोतं पोरी," ते म्हणाले. "कोयशाचा कन डोयात गेला का दुपट्ट्याच्या कोन्यानं काढा लागे. अन् गाडी चालूच." मग उठले, अंगणातलं फावडं घेतलं आणि तिथेच, रिकाम्या हवेत, कोळसा कसा टाकायचा ते दाखवलं. पाय फाकवून, कंबर सैल, मनगटाचा एक हलका झटका, की कोळसा भट्टीत पसरून पडला पाहिजे. आधी मागचे कोपरे, मग कडा, मधे अगदी कमी. "ढीग केला का आग मरते. थोडं थोडं, घडीघडीनं द्या लागे." आणि एक डोळा सतत काचेच्या नळीवर, पाण्यावर. "पानी खाली गेलं का बॉयलर जाते, अन् आपन बी." सत्तरी ओलांडलेला माणूस, पण फावडं हातात आलं आणि खांदे सरळ झाले. मैत्रिणीने फोटो काढायला फोन उचलला होता, तो तिने हळूच खाली ठेवला.

रविवारी सकाळी आम्ही लाडखेडच्या बाजूला रुळांचा माग काढत चालत गेलो. काका पुढे. बाभूळ, रानतुळस, गाजरगवत, आणि मधेच पायाला लागणारा लोखंडाचा गार स्पर्श. दोन्ही बाजूंना कपाशी, शेवटच्या वेचणीची. पऱ्हाट्यांवर इथे-तिथे राहिलेली पांढरी बोंडं. हे रूळ ह्याच बोंडांसाठी टाकले. ते टाकणाऱ्या किलिक निक्सन कंपनीला प्रवासी हवे होते म्हणून नव्हे; वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर चढवायचा, तिथून मुंबई, आणि मुंबईहून बराचसा बोटीने बाहेर. देशातल्या बहुतेक रेल्वे १९५१ च्या सुमाराला सरकारच्या झाल्या तरी ही कंपनीचीच राहिली, आपली रेल्वे ती चालवायची आणि कंपनीला वाटा द्यायची.

कापूस ज्या वाटेने मँचेस्टरला गेला त्याच वाटेने उलटं इंजिन आलं. मी हे मैत्रिणीला बोलून दाखवलं, थोडी घाबरत, कारण तिचा आनंद मला मोडायचा नव्हता. ती रुळावर बसली. म्हणाली, "तिथे ज्या काळातले कोट आम्ही शिवतो ना, त्यांच्या अस्तरात हा कापूस असणार. मला हे दरवर्षी आठवतं. म्हणून तर मी नऊवारी नेसून जाते."

मग आमचं जर-तर काय? स्टीमपंकवाल्यांचं आहे की वाफ राहिली असती तर आकाशात पितळी जहाजं तरंगली असती. माझ्या मनात गेली कित्येक वर्षं एक दुसरीच गोष्ट घर करून आहे, आणि ती त्या दिवशी आमच्यापैकी एकाने वर्ध्याहून आणलेल्या पेटीचरख्यामुळे ओठावर आली. झाकण उघडलं की आत दोन चाकं, एक मोठं, एक लहान, मधून माळ, कोपऱ्यात चाती. मिटला की काखेत मावतो. येरवड्याच्या तुरुंगाचं नाव लागलेलं हे यंत्र माझ्या दृष्टीने जगातल्या कुठल्याही स्टीमपंक मेळ्यातल्या यंत्राइतकं देखणं आहे. १९२९ साली चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं: हाताने किंवा पायाने चालणारा, झोपडीत मावणारा, दीडशे रुपयांच्या आत मिळणारा, ह्याच देशात घडवलेला आणि भरपूर सूत देणारा चरखा जो करील त्याला. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही खटपट केली. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

मिळालं असतं तर? कापूस परप्रांतीच गेला असं नाही. नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून वाफेवर धडधडत होती. पण लाडखेडच्या माणसाच्या हातात काय राहिलं? सरकीसकट कापूस विकून आला आणि येताना बाजारातून लुगडं विकत घेऊन आला. आजही तसंच. जिनिंगपर्यंत गाडी जाते, पुढचं सगळं दुसरीकडे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी ह्या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात सारखं येतं ते मला माहीत आहे, त्या घरांतली दोन माझ्या ओळखीची आहेत. म्हणून मी डोळे मिटते तेव्हा मला आकाशातली जहाजं दिसत नाहीत. दारव्ह्याच्या ओसऱ्या दिसतात, दर ओसरीवर एक यंत्र, बोंडापासून कापडापर्यंत सगळं गावात, आणि शकुंतलेच्या डब्यात गाठींऐवजी थान.

मी हे सगळं रुळावर उभी राहून बोलले. कुणी हसलं नाही. पेटीचरखा आणणाऱ्याने नुसता पेळू माझ्या हातात दिला. पहिल्या वेळी तुटला, दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी हातभर सूत निघालं, गाठाळ, कुठे जाड कुठे बारीक. ते मैत्रिणीने आपल्या टोपीच्या चाकाभोवती गुंडाळलं. ऑगस्टमध्ये ते लिंकनला जाईल.

परतताना काकांना विचारलं, आता वर्ध्याहून कळंबपर्यंत मोठी गाडी आली, २०२४ पासून, यवतमाळलाही येईल; बरं वाटतं का? "वाटते न," ते म्हणाले. "कायले नाही वाटन? गाडी आली पायजे." आणि थोडं चालून झाल्यावर, "पन शकुंतलेची शिट्टी आमची नोती, असं नाही होत."

संध्याकाळी बंब पेटवला. पऱ्हाटीच्या काटक्या मोडून खालून जाळीत सरकवल्या, वर मधल्या नळीत दोन गोवऱ्यांचे तुकडे. आधी धूर, मग नळीतून घोंघावणारा तो आवाज, लहानपणी सकाळी अंथरुणात ऐकू यायचा तोच. तांब्याचं पोट हळूहळू बोलायला लागलं. झाकणाच्या फटीतून वाफेची एक बारीक रेघ निघाली आणि थंडीत वर जाऊन विरली. आम्ही सातही जण त्या रेघेकडे बघत उभे होतो, डोक्यावर चष्मे, कमरेला किल्ल्या.

काका वाकले. कान बंबाच्या जवळ नेला. "अजून पाच मिनिटं," म्हणाले, आणि काडीने आतली आग कडेकडेला पसरवली, मधे कमी ठेवून. मग तोटी उघडली. आम्ही एकेक करून हात धुतले. रुळांचा गंज, कोळशाची जुनी काजळी, पाणी काळं होऊन फरशीवरून पपईच्या आळ्याकडे गेलं.

"आण आजून पऱ्हाटी," काका म्हणाले. "पोरीले आंघोयीले ऊन पानी लागन."